पोटाचा पट्टा, हर्बल कॅप्सूल आणि डब्यातली चिठ्ठी

प्रश्न: माझं वय 41, उंची 158 सेंटिमीटर, वजन 74 किलो. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोट सुटलं ते गेलंच नाही. मोबाइलवर जाहिरात बघून मिस्टरांनी पोटाला बांधायचा, घाम आणणारा विजेचा पट्टा 2,800 रुपयांना मागवला. भिशीतल्या एका मैत्रिणीने गार्सिनियाच्या हर्बल कॅप्सूल दिल्या. तीन महिन्यांचा कोर्स 6,500 रुपयांचा आहे. महिन्यात 8 किलो उतरतात म्हणते, आणि तिचं स्वतःचं 6 किलो उतरलंही आहे. मला अठरा दिवस झाले. सुरुवातीला दोन किलो कमी दिसलं, आता काटा हलत नाही. रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं. कोर्स पुरा करू का? आणि सासूबाईंना (वय 68, मधुमेह, गुडघेदुखी) पट्टा दिला तर चालेल का?

उत्तर:

ताई, कॅप्सूल आजच थांबवा. उरलेली पाकिटं फेकू नका. उद्या सकाळी ती हातात घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. नाडी, रक्तदाब आणि एक ईसीजी एवढं होऊ द्या, सोबत थायरॉइड आणि यकृताच्या रक्ततपासण्या. छातीत दुखलं, चक्कर आली, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर सकाळचीही वाट पाहू नका. पैसे गेले म्हणून कोर्स पुरा करायचा, हा हिशोब औषधाच्या बाबतीत कधीच लावू नये.

मी सांगलीत 27 वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. झोप नाही, धडधड, तोंडाला कोरड, आणि विचारल्यावर जरा वेळाने "वजनाच्या कॅप्सूल चालू आहेत, पण त्या आयुर्वेदिक आहेत" हे सांगणारी माणसं मी वारंवार पाहिली आहेत. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका आल्या, वय जेमतेम 34, बसल्या जागी नाडी 118. कुरिअरने आलेली, लेबलावर फक्त वनस्पतींची नावं असलेली कॅप्सूल त्या पाच आठवडे घेत होत्या. ती थांबवली आणि दहा दिवसांत नाडी 80 वर आली. हृदयाची तपासणी, दोन दिवसांचं अ‍ॅडमिशन आणि घरच्यांची घाबरगुंडी हा सगळा खर्च जाहिरातीतल्या किमतीत धरलेला नव्हता.

वनस्पतींच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलने अशी धडधड का होऊ शकते? याला एक नेमका इतिहास आहे. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध पूर्वी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायचं. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर त्याचा मोठा अभ्यास झाला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना सिब्युट्रामिन घेणाऱ्यांत 11.4 टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत 10 टक्के निघाल्या. 2010 मध्ये ते युरोप-अमेरिकेतून मागे घेतलं गेलं आणि फेब्रुवारी 2011 मध्ये भारतानेही त्याच्यावर बंदी घातली. कायदेशीर बाजारातून ते गेलं, पण चोरवाटेने राहिलं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवण्याच्या उत्पादनांची तपासणी केली, तेव्हा त्यांत हेच सिब्युट्रामिन पुन्हा पुन्हा सापडलं. तुमच्या पाकिटात तेच आहे असं मी म्हणत नाही. पण तीन आठवड्यांत झोप उडवणारी आणि छाती धडधडवणारी गोष्ट 'निसर्गाची देणगी' समजून आणखी अडीच महिने पोटात ढकलू नका, एवढं मी ठामपणे म्हणते.

आता लेबलावर लिहिलेल्या गार्सिनियाबद्दल. ही वनस्पती आपल्याला अगदी परकी नाही. आपल्या कोकण-गोव्यातल्या कोकमाची ती भावकीतली. केरळात तिची वाळवलेली साल माशाच्या कालवणात घालतात, जशी आपल्याकडे आमसुलं पडतात. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. प्रयोगशाळेत ते चरबी तयार होण्याच्या प्रक्रियेतल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं, आणि जाहिरातीतला 'चरबी बनूच देत नाही' हा दावा तिथून आला. माणसाच्या शरीरात काय होतं, हे पाहायला 1998 मध्ये अमेरिकेत एक नीट आखलेली चाचणी झाली. वजन जास्त असलेले 135 लोक. निम्म्यांना रोज दीड ग्रॅम हे आम्ल, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. कोणाला काय मिळतंय ते ना घेणाऱ्याला माहीत, ना देणाऱ्याला. सगळ्यांना जोडीला कमी उष्मांकाचा, भरपूर चोथा असलेला आहार दिला. 12 आठवड्यांनी गार्सिनियावाल्यांचं सरासरी 3.2 किलो उतरलं होतं. खोट्या गोळीवाल्यांचं 4.1 किलो.

हे दोन आकडे मी माझ्या खोलीत कितीतरी जणांना कागदावर लिहून दिले आहेत. खोट्या गोळीचा आकडा मोठा आहे, पण दोहोंतला फरक योगायोगाचा म्हणावा इतका लहान आहे. महत्त्वाचं हे की दोन्ही गटांचं वजन उतरलं. त्यातल्या प्रत्येकाला विचारलं असतं तर "मला या गोळीने फरक पडला" असंच त्याने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं असतं. निम्म्यांच्या गोळीत तर काहीच नव्हतं.

म्हणून कोणी असा डबा घेऊन आलं की मी आधी डब्यातली चिठ्ठी मागते. बहुतेक डब्यांत ती असते. तुमच्या मैत्रिणीलाही मिळाली असेल, नीट आठवायला सांगा. साखर बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत, मैदा नाही, रोज पाऊण तास चालणं, तीन लिटर पाणी. त्या चिठ्ठीतल्या गोष्टी तीन महिने पाळल्या तर 6 किलो उतरणं अगदी शक्य आहे. डब्यातला माल सुक्या चिंचोक्यांची पूड असती तरी उतरले असते. वजन चिठ्ठीने उतरतं आणि पैसे डब्याचे घेतले जातात. पुढे चिठ्ठी सुटली की वजन परत येतं. मग माणूस स्वतःला दोष देत दुसरा डबा आणतो, कारण त्याच्या लेखी पहिल्या वेळी डब्याने काम केलेलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या मैत्रिणीने तीन महिने जिभेवर ताबा ठेवला, रोज चालली, आणि त्या कष्टाचं श्रेय एका कॅप्सूलला देऊन टाकलं. ते श्रेय तिचं तिला परत मिळायला हवं. तिला हे जरूर सांगा.

आणखी एक. ज्यांचं काहीच उतरलं नाही, त्या बायका भिशीत त्याबद्दल बोलत नाहीत. 6,500 रुपये वाया गेले हे घरी सांगायचीही लाज वाटते. त्यामुळे कानावर येतात त्या फक्त उतरलेल्यांच्या कहाण्या. त्यातून मैत्रिणीला प्रत्येक पाकिटामागे काही मिळत असेल, तर तिची श्रद्धा खरी असली तरी ती साक्षीदार म्हणून धरता येत नाही.

तुमचे स्वतःचे पहिले दोन किलो कुठे गेले, तेही सांगते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साधारण 400 ते 500 ग्रॅम साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-पोळी एकदम कमी केली की हा साठा आधी वापरला जातो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. चार-पाच दिवसांत काटा दीड-दोन किलो खाली येतो. चरबी मात्र अजून जवळपास जिथल्या तिथे असते, कारण एक किलो चरबीत सुमारे 7,700 उष्मांक असतात आणि ते वापरायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यातल्या या घसरणीवर अख्खा धंदा उभा आहे. 'सात दिवसांत फरक पाहा' हे वाक्य खोटं नसतं. फरक पाण्याचा असतो, एवढंच सांगितलेलं नसतं. वजन उतरवणाऱ्या चहांचंही तेच. त्यांपैकी बऱ्याच चहांत सोनामुखी असते. सोनामुखी मोठ्या आतड्यावर काम करते, आणि अन्नातले उष्मांक त्याच्या कितीतरी आधी लहान आतड्यातच शोषले गेलेले असतात. जुलाबाने पाणी आणि पोटॅशियम जातं, चरबी जात नाही.

आता पट्टा. घाम ही शरीर थंड ठेवायची व्यवस्था आहे. घामातून पाणी आणि मीठ बाहेर पडतं. चरबी वितळून त्वचेतून झिरपावी अशी कुठलीच वाट शरीरात नाही. पट्टा काढल्यावर टेप लावली तर कंबर एखाद-दोन सेंटिमीटर कमी भरते, कारण घट्ट आवळल्यामुळे त्या जागचं पाणी आजूबाजूला सरकलेलं असतं. दोन ग्लास पाणी पिऊन तासाभराने पुन्हा मोजा.

पट्ट्यामागचा खरा समज मात्र जास्त खोल रुजलेला आहे: जिथली चरबी नकोय तिथलाच भाग हलवला, तापवला किंवा थरथरवला की तिथली चरबी जाते. हा समज तपासला गेलेला आहे. 1984 च्या एका अमेरिकी अभ्यासात 13 तरुणांनी 27 दिवसांत प्रत्येकी 5,004 सिटअप्स काढल्या. पोट, पाठ आणि नितंब या तिन्ही जागांच्या चरबीच्या पेशींचे नमुने आधी आणि नंतर घेतले. पोटाच्या पेशी इतर जागांपेक्षा जास्त आक्रसल्या नव्हत्या. त्याआधी 1971 मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले होते. वर्षानुवर्षं रॅकेट धरणारा हात स्नायूंनी जाड होता, पण त्वचेखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच. शरीर चरबी काढतं ते सगळ्या खात्यांतून, आणि कुठल्या खात्यातून आधी काढायची ते आनुवंशिकता आणि संप्रेरकं ठरवतात. त्यात आपल्या पट्ट्याला मत नसतं.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट कोणीच तपासलेली दिसत नाही, आणि माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. बाळंतपणानंतर सुटलेलं प्रत्येक पोट चरबीचंच असतं असं नाही. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या रेषेपासून बाजूला सरकतात, आणि काही जणींचे ते पुन्हा जवळ येत नाहीत. मग पोट समोरून सैल राहतं, संध्याकाळी जास्त फुगलेलं दिसतं, कंबरही दुखते. घरी बघता येतं: उताणं झोपा, गुडघे वाकवा, बोटं बेंबीवर आडवी ठेवा आणि फक्त डोकं आणि खांदे थोडे उचला. मधल्या रेषेत दोन किंवा जास्त बोटं आत जात असतील, किंवा मध्ये डोंगरासारखा उंचवटा दिसत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. यासाठी पोटाच्या आतल्या थराचे हळू व्यायाम असतात. अशा पोटावर जोरात सिटअप्स काढल्या, किंवा पायात अडकवून हातांनी ओढायचं ते स्प्रिंगचं साधन वापरलं, तर फट वाढू शकते. ते स्प्रिंगचं साधन मला तसंही आवडत नाही. पायातून सटकून तोंडावर बसलेल्या स्प्रिंगचे टाके मी घातले आहेत.

उभं राहून कंबर फिरवायची गोल चकती, झोपल्या झोपल्या पाय हलवून देणारं यंत्र, थरथरणारी पाटी, या सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारते: काम कोण करतंय, मी की मोटार? मोटार करत असेल तर उष्मांक विजेचे जळतात. चकतीबद्दल वेगळा इशारा: ज्यांना मणक्याच्या गादीचा त्रास आहे त्यांनी तिच्यावर पाऊलही ठेवू नये. पोटाला विजेचे झटके देऊन स्नायू आखडवणारे पट्टे तर 2002 मध्येच अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कारवाईसाठी निवडले होते. 'दहा मिनिटांत शेकडो सिटअप्स' असा दावा करणाऱ्या जाहिराती होत्या त्या. पुढे 2012 मध्ये स्केचर्स कंपनीने, बूट घालून नुसतं चाललं की वजन उतरतं आणि स्नायू घट्ट होतात, अशा दाव्यांबद्दल तडजोड म्हणून 4 कोटी डॉलर मोजले. मोठं नाव, मोठी जाहिरात आणि प्रसिद्ध चेहरा हा पुरावा नव्हे.

मी साधनांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची गोष्ट या संदर्भात मला नेहमी आठवते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्याआधी त्यांनी युजेन सँडोची व्यायामाची साधनं मागवून सुमारे दहा वर्षं नेमाने व्यायाम केला होता. सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध पहिलवान. स्प्रिंगचे डंबेल्स जाहिरात करून विकायचा. म्हणजे जाहिरातीतून साधन मागवणं आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं आहे. फरक हा की राजेसाहेबांनी दहा वर्षं रोज ते हातात धरलं. नंतर ज्या सूर्यनमस्कारांकडे ते वळले, त्यांना तर सतरंजीपलीकडे काही लागत नाही, आणि तेही त्यांनी रोजच घातले.

तेव्हा पैसे घालायचेच असतील तर कुठे? तुमच्या मापाचे, टाचेला आधार देणारे चालायचे बूट, हा पहिला खर्च. दुसरा, रबरी ताणपट्ट्या आणि दोन-तीन किलोंच्या डंबेल्सची जोडी. चाळिशीनंतर स्नायू टिकवणं फार गरजेचं आहे आणि बायकांच्या व्यायामात नेमकं तेच राहून जातं. गुडघे कुरकुरत असतील तर व्यायामाची सायकल चांगली. ट्रेडमिल वाईट नाही, पण घ्यायच्या आधी तीन महिने रस्त्यावर चालून दाखवा, मग जुनी बघा. नवी घेतलीत तर जाहिरातीतला हॉर्सपॉवरचा मोठा आकडा 'पीक'चा आहे की 'कंटिन्युअस'चा ते विचारा. क्षणभराच्या जोराचा आकडा मोठा छापतात, सलग चालायची ताकद त्याहून बरीच कमी असते. आणि तिच्या पडद्यावर दिसणाऱ्या उष्मांकांवर विसंबून जेवू नका.

'संशोधनाने सिद्ध' या शब्दांनी सुशिक्षित माणूस जास्त फसतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. 2012 मध्ये कच्च्या, न भाजलेल्या कॉफीच्या अर्काने 22 आठवड्यांत सरासरी 8 किलो वजन उतरतं, असा एक निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका लोकप्रिय डॉक्टरने तो दूरचित्रवाणीवर उचलून धरला आणि जगभर हिरव्या कॉफीची पाकिटं विकली गेली, आपल्याकडेही. तो अभ्यास झाला होता भारतात, फक्त 16 लोकांवर. तो करवून घेणाऱ्या अमेरिकी कंपनीवर व्यापार आयोगाने कारवाई केली, तेव्हा आयोगाने जे मांडलं ते असं: भारतातल्या मुख्य संशोधकाने सहभागी लोकांच्या वजनांचे आकडे वारंवार बदलले होते, आणि कोणाला अर्क दिला, कोणाला खोटी गोळी, याचाही ताळमेळ नव्हता. 2014 मध्ये कंपनीने तडजोडीत 35 लाख डॉलर दिले आणि त्याच वर्षी निबंध मागे घेतला गेला. हिरव्या कॉफीची पाकिटं मात्र आजही विकली जातात. तेव्हा जाहिरातीत 'संशोधन' दिसलं की एवढंच विचारा: किती माणसं होती, किती दिवस, खोटी गोळी घेणारा गट होता का, आणि पैसे कोणी दिले.

कायदा काय म्हणतो, हेही माहीत असू द्या. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 चा आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरातच करता येत नाही अशांची यादी त्याला जोडलेली आहे, आणि तिच्यात लठ्ठपणा आहे. या कायद्याच्या कचाट्यात सापडू नये म्हणून बराच माल 'औषध' न म्हणवता 'अन्न पूरक' म्हणून येतो. मग डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी परवाना क्रमांक छापलेला असतो आणि विकणारा तो 'सरकारमान्य' म्हणून दाखवतो. त्या क्रमांकाचा अर्थ बनवणाऱ्याकडे अन्नपदार्थ बनवायचा परवाना आहे, एवढाच. वजन उतरतं की नाही, हे त्या क्रमांकासाठी कोणी तपासत नाही. डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. अशा पूरक पदार्थांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहिणं बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला 8 किलो आणि मागच्या बाजूला ही ओळ, अशी दोन तोंडं एकाच डब्याला असतात.

यंत्रांनाही हे लागू आहे. चरबी गोठवून कमी करणारं एक यंत्र अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे, हे खरं. पण ती मान्यता फार लठ्ठ नसलेल्या माणसाच्या एखाद्या जागचा चरबीचा उंचवटा कमी करण्यापुरती आहे, वजन घटवण्यासाठी नाही. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सौंदर्य-उपचार केंद्रांच्या एका नावाजलेल्या साखळीला याच यंत्राच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल 3 लाखांचा दंड केला.

तुमचे पैसे परत मिळवायचा प्रयत्न जरूर करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे दिल्याची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचा '8 किलो'चा मेसेज जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी दाव्याचं शुल्क लागत नाही. 'पैसे परत' हमीची अट वाचा. बहुधा तिथे 'आहार आणि व्यायाम पाळूनही फरक न पडल्यास' असं असतं, म्हणजे तिथेही चिठ्ठी आलीच.

खरोखर काम करणारी औषधं आहेत का? आहेत, आणि ते लपवणं बरोबर नाही. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी सुमारे 15 टक्के वजन उतरलं, खोट्या इंजेक्शनवर अडीच टक्क्यांच्या आत. टिर्झेपॅटाइडचे आकडे त्याहून वरचे आहेत. 2025 पासून दोन्ही भारतात वजनासाठी मिळू लागली. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची आहेत. मळमळ, पित्ताशयाचा त्रास, स्वादुपिंडाला सूज असे त्यांचे प्रश्न आहेत, आणि बंद केल्यावर उतरलेलं बरंच वजन परत येतं. ही गंभीर औषधं आहेत आणि काही जणांना त्यांची खरी गरज असते. फेसबुकवरून किंवा ब्युटी पार्लरमधून ती घेऊ नयेत.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, साधारण 29.6 येतो. भारतीयांसाठी 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, म्हणजे काळजी करणं योग्यच आहे. मात्र काट्यापेक्षा कंबरेच्या टेपला जास्त मान द्या; बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही रेषा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये स्वतःची आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय 22.3, पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपण बारीक दिसूनही आतून चरबीदार असतो. आणि भारतातल्याच मधुमेह प्रतिबंधाच्या एका अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांनी तीन वर्षं आहार आणि चालणं सांभाळलं, तेव्हा वजन फारसं न उतरताही मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं. काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

तुमच्यासाठी पहिलं लक्ष्य 4 किलो. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आठवड्याला अर्धा किलो हा सुरक्षित वेग मानते, म्हणजे दोन-अडीच महिने धरा. सुरुवात तेलाच्या डब्यापासून करा. चार माणसांच्या घरात महिन्याला 5 किलो तेल जात असेल तर माणशी रोज 41 ग्रॅम पडतं. ते 3 किलोंवर आणलं की माणशी रोज 150 उष्मांक आपोआप कमी होतात, आणि कुणाला उपाशी राहावं लागत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला 3 किलो बाजूला काढून ठेवा आणि त्यातच भागवा. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं यांपैकी काहीतरी ठळक असू द्या. रोज अर्धा तास बोलताना थोडी धाप लागेल इतक्या वेगाने चाला, आणि आठवड्यातून दोनदा ताणपट्ट्यांचा व्यायाम, पोटाची फट तपासून झाल्यावर. थायरॉइड, मासिक पाळीचा त्रास, किंवा वजन वाढवणारी एखादी गोळी चालू आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. घोरण्याबद्दलही सांगा.

सासूबाईंना पट्टा बांधू नका. जुन्या मधुमेहात त्वचेची जाणीव कमी झालेली असते. चटका बसतोय हे कळत नाही आणि ती जखम भरायला महिने लागतात. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर घाम जाऊन चक्कर यायची भीती वेगळी. त्यांच्या गुडघ्यांसाठी आजपासून दोन गोष्टी सुरू करा. पलंगावर पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबून पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुसरी, थोड्या उंच, हात असलेल्या खुर्चीवरून सावकाश उठायचं आणि सावकाश बसायचं, सुरुवातीला पाच वेळा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, आणि पहिले काही दिवस तुम्ही शेजारी उभ्या राहा.